'१८७१ ची' इस्त्री: थोडा खुलासा

दोन्ही टोकांना निमुळत्या, ओतीव लोखंडाच्या एका इस्त्रीचा फोटो सध्या फिरतोय. त्यावर 'मिसेस पॉट्स' आणि १८७१ अशी अक्षरं आहेत. सोबतचा दावा असा की ही पॉट्स नावाच्या मडमेची खासगी, १८७१ साली घडवलेली इस्त्री आहे.

तसं नाही. मेरी फ्लॉरेन्स पॉट्स या अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ऑटम्वा गावच्या. इस्त्रीचा दांडा तापून हात भाजायचा, म्हणून त्यांनी काढता-घालता येणारा लाकडी दांडा शोधला. दोन-तीन लोखंडी तळ चुलीवर तापत ठेवायचे, एक गार झाला की तोच थंड दांडा दुसऱ्याला अडकवायचा. या कल्पनेचं पेटंट १८७१ चं, आणि इस्त्रीवरचं सालही तेच. पुढे कित्येक वर्षं वेगवेगळ्या कारखान्यांनी याच नावाच्या इस्त्र्या ओतल्या. त्यामुळे नुसत्या सालावरून वय ठरवू नका, आणि मोठी किंमत तर मुळीच मोजू नका.

टोकं दोन्हीकडे का? इस्त्री न वळवता पुढेमागे फिरावी म्हणून. रोज कपड्यांचे ढीग उपसणाऱ्या बाईलाच हे सुचणार! फोटो पुढे पाठवताना तिचं पूर्ण नाव जरूर लिहा.