चार बोटांची जागा

आमच्या गल्लीत गाडीचं रूप बोटांनी मोजतात. टायर आणि वरचा पत्रा यांच्या मधल्या फटीत हात घालायचा आणि किती बोटं मावतात ते बघायचं. माझ्या २००८ च्या स्विफ्टमध्ये चार बोटं आरामात जायची, वर अंगठाही. समोरच्या तालमीतला एक पोरगा येता-जाता तिथं हात घालायचा आणि विचारायचा, "सर, गाडी हाय का टेबल?" आधी मी हसायचो. पुढं पुढं मला झोपेतही ती फट दिसायला लागली. शेवटी गाडी ४० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या चार स्प्रिंगा मागवल्या आणि काम घरीच करायचं ठरवलं. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणाऱ्याला स्प्रिंगेचं काय अवघड?

"अहो, मागच्या महिन्यात नळाचं वायसर बदलायला आपण माणूस बोलावला होता," बायको म्हणाली. कधी काय आठवावं याचं काही भान!

आषाढातला शेवटचा रविवार. सकाळी सातला दारात जॅक लावला. कोल्हापुरात दारात जॅक लावणं म्हणजे गल्लीला अक्षत देणं. साडेसातला अकरा माणसं जमली होती, आणि त्यातल्या एकालाही काही ठाऊक नाही असं नव्हतं.

"नव्या कशाला आणल्यास? जुन्याच दीड-दीड वेढा कापायच्या. उद्यमनगरात च्या पिऊस्तोवर करून देत्यात."

इथं माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, तार तीच आणि वेढे कमी, म्हणजे तेवढंच दबायला उरलेल्या प्रत्येक वेढ्याला जास्त पीळ सोसावा लागतो. सहातला एक वेढा कापला की स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, २० टक्क्यांनी ताठही होते. आणि गॅसनं तापवून बसवली तर पोलादाचं पाणीच उतरतं. गल्ली गप्प झाली. मग पायरीवर बसलेल्या आबांनी विचारलं, "मग तुझ्या ह्या नव्या मऊ हायत व्हय?"

त्याही ताठच असतात. नाहीतर खाली आलेली गाडी प्रत्येक खड्ड्यात तळाला टेकेल. मी पाना शोधायला वळलो.

पुढच्या चाकाचे नट इतक्या पावसाळ्यांत शॉकअपशी एकजीव झाले होते. रॉकेल ओतलं, हातोडीनं ठोकलं, मग पान्यावर पाईप चढवून तालमीतल्या पोराला उभं केलं. नट हलला नाही, पाना वाकला. दुसरा पाना आणला, पोरगं बदललं, तेव्हा तो असा किंचाळत सुटला की बाल्कनीतल्या बाया बघायला आल्या.

शॉकअपच्याच अंगावर स्प्रिंग चढवायची ही मांडणी अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९४० च्या दशकात काढली. तिनं जागा वाचते, पैसा वाचतो, म्हणून छोट्या गाड्यांना पुढं बहुतेक तीच असते. वाचत नाही तो फक्त रविवार. कारण स्प्रिंग काढायची तर आधी तिला दोन्ही बाजूंनी आकड्यांत धरून आवळावी लागते. आवळलेल्या स्प्रिंगेत पूर्ण पुढच्या चाकावरचा भार दबा धरून बसलेला असतो. आकडा निसटला तर ती कुणाच्या घरात शिरेल, सांगता येत नाही. मी आवळायला लागलो तशी गर्दी त्या दिवशी पहिल्यांदा मागं सरली. दारातनं आई म्हणाली, "काय करायचं ते कर, पर तोंड बाजूला धर." दिवसभरातला खरा कामाचा सल्ला तेवढाच.

बाराला गल्ली एकाएकी ओस पडली. श्रावण तोंडावर आलेला, घराघरात तांबड्या-पांढऱ्याचा वास. मी ग्रीसच्या हातांनी गाडीखाली. मागच्या स्प्रिंगा शॉकअपपासून वेगळ्या असतात. त्या अर्ध्या तासात बदलल्या, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी गाडी खाली उतरवली तर तिचा डावा खांदा वर! स्प्रिंगेचं टोक वाटीच्या खाचेत बसलंच नव्हतं. सोमवारी रजा टाकून ती बाजू परत सोडली. मंगळवारी अलाइनमेंट, कारण गाडी खाली आली की चाकांचे कोनही बदलतात. बुधवारी त्या पोरानं हात घातला. दोन बोटं, तीही अडकत. "सर, नाद खुळा!" बी.एड. झालो तेव्हा इतका आनंद झाला नव्हता.

श्रावणातल्या पहिल्या रविवारी जोतिबाला निघालो. पुढं आई, मागं बायको, मुलगी आणि आत्या. मी हिशोब केलेला: गाडीखाली १७० मिलिमीटर, वजा ४०, राहिले १३०. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक १०० मिलिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद. म्हणजे ३० मिलिमीटर शिल्लक. पण कागदावरच्या गाडीत आत्या बसलेली नव्हती. आणि गल्लीच्या तोंडाचा गतिरोधक हौशी मंडळींनी उरलेल्या काँक्रीटचा एका रात्रीत घातलेला. खर्रर्र! इंजिनाखालचा तेलाचा चेंबर गेला असं वाटून माझ्या पोटात खड्डा पडला.

"थांब, आमी उतरतो," आई म्हणाली. चौघी उतरल्या, गाडी पलीकडं गेली, चौघी चढल्या. शिवाजी पुलापर्यंत असं चार वेळा. शेवटी मुलगी म्हणाली, "मी चालत जातो. पुलावर भेटा." (आमच्याकडं मुली 'जातो'च म्हणतात.) ती आमच्या आधी पोचली.

परत आल्यावर शेजारच्या वकीलसाहेबांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ऐकवलं. कंपनीनं दिलेल्या गाडीत मनानं फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. "चार स्प्रिंगा म्हणजे एक बदल की चार?" मी विचारलं. ते म्हणाले, फीचं ठरलं की सांगतो.

जुन्या स्प्रिंगा परत बसवायच्या ठरवून गच्चीवर गेलो. दोन स्प्रिंगा तालमीतल्या पोरांनी दाबून दंड कमवायला नेल्या होत्या. उरलेल्या दोन उभ्या करून, वर फरशी टाकून आईनं तुळस ठेवली होती.

"तुळशीचं लगीन होईस्तोवर हलवायची न्हाई," आई म्हणाली. लग्न कार्तिकात.

मागं तो पोरगा येऊन उभा राहिला. फरशीखाली वाकून त्यानं हात घातला.

"सर, कुंडी जरा खाली घ्यायची का?"