गुरुजी एकत्र बसले की मुलांचं वाटोळं होतं म्हणे!

सोलापूर जिल्ह्यातल्या पालकांच्या ग्रुपांवर फिरणारा एक मेसेज काल आमच्या वहिनींपर्यंत पोचला. त्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत आणि ‘तसा ठराव घ्या’ म्हणून गावातून भुणभुण सुरू झालीय. मेसेज असा: मास्तर एकत्र बसतात ते गप्पा हाणायला, हा फुकटचा पगार, शिक्षण परिषदा (आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठका) बंद करा, एक चांगला गुरुजी पुरतो, डिसले गुरुजींना बघा.

फुकटचा पगार? शिक्षण हक्क कायद्यात (२००९) शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास तयारी धरूनच मोजलेत. पुढे चला.

परिषदेत परिपत्रकं वाचण्यात वेळ जातो, हे नाइलाजाने कबूल. मग परिपत्रकं ग्रुपवर टाका आणि परिषदेत मुलांच्या वह्या उघडा.

‘एक गुरुजी पुरतो’ हे मात्र धडधडीत खोटं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १४ शाळांवर प्रयोग झाला. एकाच शाळेतला कच्चा आणि पक्का शिक्षक अशा जोड्या लावल्या, कच्च्याच्या नेमक्या उणिवांवर दोघांनी काम केलं. त्याच्या वर्गातल्या मुलांचे गुण वाढले आणि सुधारणा पुढच्या वर्षीही टिकली. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले.

का होतं असं? तिसरीतली वजाबाकी घ्या. ५२ – १७, आणि दोन पोरं ४५ लिहितात. एकाने ७ मधून २ काढले; दुसऱ्याने दशक सुटा केला, पण ५ चे ४ करायला विसरला. लाल फुली दोघांना सारखीच. शेजारच्या वर्गाच्या बाई वही बघून म्हणतात, ‘५० – १७ द्या.’ पहिला ४७ लिहितो, दुसरा ४३. मग पहिल्याला काड्यांचा गठ्ठा सोडायला लावायचं, दुसऱ्याला ५ खोडून वर ४ लिहायची सवय. एकटा शिक्षक दोघांकडून तीच दहा गणितं पुन्हा करून घेतो, चूक तशीच राहते.

हे बिघडतं कधी? मुख्याध्यापक शेरेबुक घेऊन बसले की. मग आपली कच्ची वही कोण दाखवणार?

आणि डिसले गुरुजी! २०२० च्या ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ या १० लाख डॉलरच्या पुरस्कारातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटणारा माणूस एकटेपणाचा दाखला म्हणून देताय?

वहिनी, ठराव घ्यायचाच तर असा घ्या: शनिवारी सकाळची शाळा सुटली की ४० मिनिटं, दहा वह्या, एकच चूक. शेरेबुक कपाटात.