ब्रूनोला आतल्या खोलीत का ठेवायचं

नमस्कार. 'सिलिंडरवाला यायच्या आधी कुत्र्याला आतल्या खोलीत न्या' या माझ्या सल्ल्यावर तुम्ही चिडून लिहिलंत: ब्रूनो कुणाला काही करत नाही, घर त्याचंही आहे, त्याला कोंडणं हा अन्याय आहे, घाबरणाऱ्यांनीच शांत उभं राहायला शिकावं. तुमचा त्याच्यावरचा जीव कळतो. पण ते शेवटचं मला अजिबात पटत नाही.

भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढून आलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. १४.२ किलो गॅस, वर लोखंडाचं तितकंच वजन. एक हात सिलिंडर धरण्यात अडकलेला. कुत्रा गुडघा हुंगायला लागला की तो कुत्र्याकडे बघत नाही, मालकाच्या तोंडाकडे बघतो. 'काही करत नाही हो तो' असं आपण म्हणतो तेव्हा त्याने करायचं काय? परत फिरला तर एजन्सीकडे तक्रार जायची. आपल्या घरी आलेला पाहुणा 'आधी कुत्रा बांधा' असं हक्काने सांगतो. याला ते सांगता येत नाही, म्हणून ते आपण न सांगता करायचं.

जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या बंजारा हिल्समध्ये जेवण पोचवायला गेलेल्या तरुणावर ग्राहकाचा जर्मन शेफर्ड धावून गेला. जीव वाचवायला पळताना तो तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि पुढे रुग्णालयात वारला. तेव्हा 'चावत नाही' एवढ्याने भागत नाही.

आता ब्रूनोच्या बाजूने बघा. कुरियरवाला बेल वाजवतो, ब्रूनो भुंकतो, माणूस निघून जातो. ब्रूनोच्या हिशेबी तो भुंकल्यामुळेच गेला. रोज हेच घडलं की भुंकणं पक्कं होतं. मग एक दिवस प्लंबर येतो आणि जातच नाही. सिंकखाली आडवा होतो, पान्हा आपटतो, त्याचा चेहरा कुत्र्याच्या तोंडासमोर येतो. गरीब कुत्राही अशा वेळी बिथरतो. तो गुरगुरला तर त्याला दटावू नका, उचलून बाजूला न्या. गुरगुरणं दाबलं की पुढच्या वेळी इशारा न देता दात लागतात.

आणि लागलेच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि ब्रूनोची लस झालेली असली तरी त्या माणसाला लगेच डॉक्टरकडे न्यायचं. इंजेक्शनांसाठी पुन्हापुन्हा जायचं, त्यात त्याचा रोज बुडतो. तो कोण भरून देणार? पाळलेल्या प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, तो वेगळाच.

आतली खोली त्याला शिक्षा वाटायची गरज नाही. एरवी कुणी येणार नसताना घरातल्याच कुणाला बेल वाजवायला सांगा आणि त्या खोलीत त्याच्या चटईवर चिकनचा तुकडा ठेवा. काही दिवसांत बेल वाजली की तो आपणहून तिकडे पळेल. चघळायचं हाड फक्त त्याच वेळी द्यायचं. बाल्कनीत मात्र ठेवू नका. तिथे ऊन, आणि जाळीतून सगळं दिसत राहिल्याने तो जास्तच पेटतो.

दिवसभर कोंडू नये, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. रंगकाम निघालं असेल तर सकाळी त्याला लांब फिरवून आणा, दुपारी कामगार जेवायला बसले की त्यांना सांगून पट्ट्यावर खाली न्या, आणि जमलं तर ते दोन-तीन दिवस त्याला ओळखीच्या घरी सोडा.