मी डॉक्टर नव्हते, पण मान हलवली

जानेवारी उजाडला की इनबॉक्समध्ये अमेरिकेतल्या पालकांचे एकाच धर्तीचे मेसेज यायला लागतात. "ताई, मुलगी प्री-मेड करतेय. उन्हाळ्यात परदेशात डॉक्टरांना शॅडो करायचा प्रोग्राम आहे, पाठवू का?" सोबत ब्रोशरचा फोटो. त्यात निळे स्क्रब्ज घातलेली, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेली वीस-एकवीस वर्षांची हसरी मुलं. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच लिहून टाकते. लांबणार आहे, आधीच सांगते.

ज्यांच्या घरात हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकेत सहसा शाळा संपली की थेट मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग चार वर्षं मेडिकल स्कूल. आधी पदवी आणा, हा आग्रह जॉन्स हॉपकिन्सने १८९३ मध्ये मेडिकल स्कूल उघडतानाच धरला होता आणि पुढे तीच रीत पडली. प्री-मेड ही काही डिग्री नव्हे. विषय कोणताही घ्या, ठरलेले सायन्सचे कोर्स करा आणि सोबत हे दाखवा की डॉक्टरचा दिवस कसा जातो हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्यासाठी शॅडोइंग: डॉक्टरच्या मागे गुपचूप उभं राहायचं आणि बघायचं.

आता बघायचंच तर विमानात बसून कशाला? कारण घराजवळ दार उघडत नाही. १९९६ च्या हिपा कायद्यापासून रुग्णाच्या माहितीबाबत हॉस्पिटलं फार जपून असतात. लसीकरणाचे कागद, टीबीची टेस्ट, गोपनीयतेचं ट्रेनिंग, सह्या. एवढं करूनही वीस डॉक्टरांना ईमेल करावेत तेव्हा एकाचं उत्तर येतं, तेही 'सध्या शक्य नाही'. ज्यांच्या घरात कुणी डॉक्टर नाही त्यांचे तर हालच. अशा वेळी कुणी म्हणालं, की पैसे भरा, चार आठवड्यांत शंभर तास पक्के, तर मोह होणारच. मला झाला होता.

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी लॅटिन अमेरिकेतल्या एका देशात गेले. देश आणि हॉस्पिटल सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. कॉलेजात दोन वर्षं स्पॅनिश केलं होतं, म्हणजे स्टेशनचा रस्ता विचारता येत होता. उत्तर कळेलच असं नाही.

पहिल्या आठवड्यात जे पाहिलं ते आजही उपयोगी पडतं, हे आधी कबूल करते. मेडिसिनचे एक वयस्कर डॉक्टर होते. एक आजोबा धाप लागते म्हणून आले. डॉक्टरांनी त्यांना पुढे वाकून बसवलं, डाव्या हाताचं मधलं बोट पाठीवर सपाट ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर टकटक करत वरून खाली आले. वर पोकळ आवाज. खाली येता येता एका जागी आवाज एकदम मेला, भिंतीवर वाजवल्यासारखा. त्यांनी पेनने तिथे बारीक रेघ ओढली आणि माझ्याकडे बघून एकच शब्द म्हणाले: पाणी. दोन तासांनी एक्स-रे आला. छातीतल्या पाण्याची पातळी साधारण त्या रेघेपाशीच होती. छाती वाजवून बघण्याची मूळ युक्ती आउएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरने १७६१ मध्ये छापून प्रसिद्ध केली. त्याच्या वडिलांची खाणावळ होती आणि पिंपात दारू किती उरली ते असंच वाजवून बघतात, हे त्याने लहानपणी पाहिलं असावं, असं म्हणतात. जिथे सीटी स्कॅन लगेच मिळत नाही तिथले डॉक्टर हातांनी काय काय ओळखतात, हे मला अमेरिकेत राहून इतकं जवळून दिसलं नसतं.

आता त्याच एक्स-रेची दुसरी गोष्ट.

डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात गेले होते. मी कॉरिडॉरमध्ये उभी. अंगात पांढरा कोट, कारण प्रोग्रामने सगळ्यांना दिला होता. सकाळी राउंडला माझी ओळख 'अमेरिकेहून आलेली डॉक्टर' अशीच झाली होती आणि मी ती दुरुस्त केली नव्हती. म्हटलं, कशाला उगाच अवघडलेपण. खोटं कशाला बोलू, ऐकायला बरंही वाटलं होतं. तर त्या आजोबांचा मुलगा आला. त्याने लिफाफ्यातून फिल्म काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "दोक्तोरा?" पुढे भरभर काहीतरी विचारलं. मला निम्मंही कळलं नाही. मला तेव्हा ऑरगॅनिक केमिस्ट्री येत होती. छातीचा एक्स-रे सरळ धरलाय की उलटा, हेही येत नव्हतं.

मी ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. तीन-चार सेकंद गंभीर चेहरा केला. आणि मान हलवली.

त्याचा चेहरा सैल पडला. माझा हात दोन्ही हातांत धरून तो आभार मानून गेला. पाच मिनिटांनी सिस्टर धावत गेटकडे गेल्या, कारण मुलगा वडिलांना घेऊन घरी निघाला होता. दोक्तोराने पाहिलंय, काळजीचं काही नाही, असं त्याने त्यांना सांगितलं. ज्या माणसाच्या छातीतलं पाणी त्या दुपारी काढायचं होतं तो रिक्षात बसायच्या बेतात होता. त्यांना परत आणलं, पाणी काढलं, सगळं नीट पार पडलं. मला कुणी रागावलं नाही. डॉक्टर फक्त म्हणाले, उद्यापासून कोट घालू नकोस.

परदेशातल्या शॅडोइंगचा विषय निघाला की सगळे टाके, इंजेक्शनं आणि बाळंतपणं यांवर बोलतात. विद्यार्थ्याने हात लावू नये, हे बरोबरच आहे. असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेसने २०११ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. हेतू निरीक्षणाचा आहे, उपचार करण्याचा नाही, हे त्यात साफ म्हटलंय, आणि मर्यादा ओलांडून केलेल्या 'अनुभवा'ने अर्जाचं नुकसान होऊ शकतं हेही. तरीही मुलं टाके घातल्याचे फोटो टाकतात. 'तिथे चालतं' म्हणे. चालतं म्हणजे काय, तर तिथल्या रुग्णाला नाही म्हणायची सोय नाही. पण मी तर कशालाच हात लावला नव्हता. नुसती मान हलवली होती. म्हणून माझं म्हणणं हात लावण्याच्याही आधीचं आहे: तुम्ही कोण आहात हे समोरच्या माणसाला, त्याच्या भाषेत, ठाऊक आहे का?

तेव्हा पालकहो, प्रोग्रामला फोन कराल तेव्हा जेवणाखाण्याचं नंतर विचारा. आधी विचारा की रुग्णासमोर मुलीची ओळख काय म्हणून करून देणार, रुग्णाची परवानगी कोण घेणार, आणि घेताना मुलगी खोलीबाहेर असणार का? ती समोर उभी असताना कोण नाही म्हणेल? भरलेल्या पैशातलं त्या हॉस्पिटलला काय मिळतं तेही विचारा, कारण तिथला डॉक्टर स्वतःची ओपीडी थांबवून शिकवतो. 'प्रत्यक्ष प्रोसिजर करायला मिळतील' असं कौतुकाने सांगितलं तर फोन ठेवून द्या. मिनेसोटा विद्यापीठाची ग्लोबल अँबॅसडर्स फॉर पेशंट सेफ्टी नावाची ऑनलाइन कार्यशाळा याच विषयावर आहे, ती जाण्याआधी मुलीला करायला लावा.

आणि जिथे पुढे डॉक्टरकी करायची तिथले तास आधी. परदेशाचे तास वरचे, त्याऐवजी नव्हेत. मेडिकल स्कूलच्या अर्जात सगळ्या उपक्रमांना मिळून १५ जागा, एकेका जागेला स्पेससकट ७०० अक्षरं. मी त्या ७०० अक्षरांत टकटक लिहिली, मान हलवणं लिहिलं नाही. इंटरव्ह्यूला एका बाईंनी शांतपणे विचारलं, "पेशंट तुला काय म्हणून हाक मारायचे?" मग सांगितलं सगळं. पुढची वीस मिनिटं आम्ही त्यावरच बोललो.

परवा माझ्या ओपीडीत एक प्री-मेड मुलगी आली होती. तिला मी एकच काम देते: आत येताच स्वतःच्या तोंडाने सांगायचं, मी विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही, मी थांबले तर चालेल का? दुसऱ्याच पेशंटबाई म्हणाल्या, "नको." ती लाल झाली, माझ्याकडे बघितलं. मी दाराकडे बोट केलं. ती गेली आणि बाईंनी पर्स मांडीवरून खाली ठेवून बोलायला सुरुवात केली.