अक्का पडली तेव्हा फरशी कशी होती?

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर एकच विषय चालू आहे. वर्गणी गोळा करून शाळेच्या व्हरांड्याला चकचकीत टाईल्स बसवायच्या. २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियान राबवलं गेलं, तेव्हापासून परभणीकडच्या आमच्या भागात शाळांच्या रंगरंगोटीला जोर आलाय, आणि त्याचा मला आनंदच आहे. जिथं आम्ही पोत्यावर बसून पाढे म्हटले ती शाळा देखणी व्हावी असं मलाही वाटतं. पण गुळगुळीत टाईल्स नकोत, पावसात तिथं माणसं पडतील, एवढं मी लिहिलं आणि उत्तर आलं, ‘परदेशात बसून नावं ठेवणं सोपं असतं.’ दोन ओळींत याचं उत्तर देता येईना, म्हणून हे सविस्तर.

माझी थोरली बहीण शेजारच्या तालुक्यात अशाच एका शाळेवर शिक्षिका आहे. गेल्या श्रावणात ती व्हरांड्यात घसरून पडली. पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. व्हरांड्यात जुनी शहाबादी फरशी, पिढ्यांच्या पायांनी घासून काचेसारखी झालेली. पाण्याचा रांजण वर्गाच्या दाराशीच. लेकरं पाणी पिणार, पेल्यातलं उरलेलं तिथंच ओतणार. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. त्या ढिगाला वळसा घालायला म्हणून अक्का ओल्या कडेनं गेली. पायातल्या चपलेचा तळही झिजलेला.

भेटायला आलेल्या प्रत्येकानं विचारलं, ‘बाई, लक्ष कुठं होतं?’ आमच्या आईनंही तेच विचारलं. अक्का स्वतःच म्हणत राहिली, ‘माझंच चुकलं गं, घाईत होते.’ फरशी कशी होती, हे एकाही माणसानं विचारलं नाही.

मी इंग्लंडमध्ये एका प्राथमिक शाळेत शिक्षकांची मदतनीस म्हणून काम करते. आमच्या स्वयंपाकघरातली एक बाई भांडी धुण्याच्या जागी घसरली, तेव्हा अपघाताच्या वहीत काय काय लिहिलं गेलं ते मी पाहिलंय. पाणी कुठून आलं, फरशी कसली होती, उजेड किती होता, पायात काय होतं, ही गळती आधी कुणाला माहीत होती का. गळका नळ त्याच आठवड्यात बदलला. या सवयीमागे इथला कामाच्या सुरक्षिततेचा १९७४चा कायदा आहे. कामाची जागा सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी, आणि शाळा हीसुद्धा कामाची जागाच. कामावरच्या अपघातानं माणसाला सात दिवसांहून अधिक काळ नेहमीचं काम करता आलं नाही, तर ते सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं. अशा नोंदी वर्षानुवर्षं होत गेल्या, म्हणून तर इथं ठाऊक आहे की कामावर होणाऱ्या, जीवावर न बेतणाऱ्या दुखापतींचं सगळ्यात मोठं कारण घसरणं आणि अडखळणं हेच आहे. फरशी किती निसरडी आहे हे मोजायचंही यंत्र असतं. लंबकासारखं हलतं, ओल्या फरशीवर रबर घासत नेतं आणि आकडा दाखवतं. ३६च्या वर आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी. आपल्याकडे १९४८चा कारखाना कायदा कारखान्यातल्या ओल्या जमिनीची काळजी करायचा, पण शाळा काही त्या कायद्यात बसत नव्हती.

म्हणून इथलं सगळं उचलून तिकडं न्यावं असं मी म्हणणार नाही. इथंही सांडलेलं पाणी पुसण्याऐवजी त्यावर पिवळी पाटी उभी करून निघून जाणारे आहेत. उंचावरच्या कामाचे २००५चे नियम असूनही भिंतीवर चित्रं लावायला खुर्चीवर चढणाऱ्या शिक्षिका मी रोज पाहते. आणि मोठा फरक माणसांचा आहे. हिवाळ्यात आमचा केअरटेकर पहाटे येऊन वाटेवर मीठ पसरतो, ओला पाला झाडतो. आपल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत बहुधा शिपाईच नसतो. खासगी अनुदानित शाळांतही डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयानं शिपायाच्या पदाऐवजी भत्ता आला. मग पुसायचं कुणी? ग्रुपवर हा प्रश्न ज्यांनी केला त्यांचं बरोबर आहे. गुरुजींच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवून कुणी पडायचं थांबणार नाही.

पण म्हणूनच फरशी नीट निवडायला हवी. पुसायला माणूस नसेल तर जमीन अशी हवी की ओली असतानाही पाय धरून ठेवेल.

मला सगळ्यात जास्त काळजी पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींची वाटते. खिचडीचं जड पातेलं दोघींनी धरून किचन शेडमधून वर्गापर्यंत न्यायचं, खाली तेलकट पाणी, मध्ये उंबरठा, समोर धावणारी लेकरं. मानधनावरचं काम. त्या पडल्या तर नोंद होईल अशी वही मी आपल्याकडे कुठल्याच शाळेत पाहिली नाही. टाईल्स किचन शेडमध्येही बसवायच्या ठरल्यात, तेव्हा ठरवणाऱ्यांनी आधी त्यांना विचारावं.

शिवाय १७ सप्टेंबर आहेच. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन ऐन पावसाळ्यात येतं. आदल्या संध्याकाळी बाकावर बाक चढवून, साडीचा पदर खोचून पताका लावणाऱ्या बाई मी लहानपणापासून पाहत आलेय. शाळेला एक धड शिडी घेऊन द्या, आणि एकानं ती खाली धरावी.

माझी वर्गणी मी देणार आहे, ग्रुपवर कळवलंय. चकचकीत टाईल्सऐवजी खरबरीत फरशी घ्या. पैसे कमी पडत असतील तर आहे तीच शहाबादी पाथरवटाकडून छिन्नीनं टाचून खरबरीत करून घ्या आणि पाणी बाहेर जाईल असा उतार द्या. पायऱ्यांना कठडा, चपलांना भिंतीलगत मांडणी, रांजण व्हरांड्याच्या बाहेर.

अक्काच्या शाळेनं रांजण हलवला. परवा तिनं फोटो पाठवला. रांजण आता लिंबाच्या झाडाखाली आहे, भोवती मुरूम पसरलाय. फळ्याच्या वरच्या ओळी मात्र ती अजून डाव्या हातानं लिहिते.