डास मोजायचे, पण कसे?
डेंग्यूच्या डासांची पाहणी कशी करावी यावरील लेखात मोठ्या शहरांत घरोघरी जाऊन डासांच्या अळ्या शोधण्यावर भर दिला आहे. तो योग्य असला तरी अपुरा वाटतो. १०० घरांमागे अळ्या असलेली किती भांडी सापडली हे सांगणारा ब्रेटो निर्देशांक सोपा आहे, मात्र अळ्यांनी बुजबुजलेले पिंप आणि दोनच अळ्या असलेली कुंडीखालची बशी यांना तो सारखेच धरतो. पुष्कळ अळ्या प्रौढ होण्याआधीच मरतात, म्हणून कोष (अळीनंतरची, डास होण्याआधीची अवस्था) मोजल्यास उडणाऱ्या डासांचा अंदाज अधिक नेमका येतो. शिवाय कुलूपबंद घरे आणि गच्चीवरील टाक्या पाहणीतून हमखास सुटतात.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास सहसा काहीशे मीटरच्या आतच वावरतो, त्यामुळे संपूर्ण प्रभागाची सरासरी फारशी उपयोगी पडत नाही. त्याऐवजी गडद रंगाच्या भांड्यात पाणी व डासांना अंडी घालायला खरखरीत पट्टी ठेवून केलेले अंडी-सापळे जवळजवळ लावून दर आठवड्याला तपासले, तर कोणत्या गल्लीत संख्या वाढते आहे हे रुग्ण वाढण्याआधीच कळू शकते. या डासाची अंडी कोरड्या भांड्याला चिकटून अनेक महिने तग धरतात, म्हणून केवळ पावसाळ्यापुरती पाहणी करणे मला तरी धोक्याचे वाटते.

पकडलेल्या डासांवर कीटकनाशकाची चाचणी घेण्याचा उल्लेख लेखात कुठेच नाही. ज्या औषधाला डास दाद देत नाहीत त्याचीच धुरळणी वर्षानुवर्षे चालू राहिली, तर आकडे गोळा करण्याचा उपयोग काय?