ओटीपी अण्णांच्याच मोबाइलवर येऊ द्या

दिवस अनिश्चित आहेत, उद्या कोण असेल कोण नसेल, मग ऑफिस चालायचं कसं, म्हणून तुम्ही काळजीत आहात ना? सोडा ती काळजी. सगळं एकाच माणसाच्या डोक्यात ठेवा. आमच्या इंदूरच्या ऑफिसात हा मान अण्णांचा. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा पासवर्ड त्यांना तोंडपाठ, कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला आणि जीएसटीचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर.

अण्णांना रजा देऊच नये. दिलीच तर १९ तारखेला द्यावी. २० तारखेला ३बी, म्हणजे जीएसटीचा महिन्याचा रिटर्न, भरायचा असतो हे अण्णांना ठाऊक असतं, तुम्हाला असून काय करायचंय? मागे ते भाचीच्या लग्नाला गेले. इकडे त्यांच्या खुर्चीभोवती आम्ही सहा जण, तिकडे सनई-चौघडा आणि कोटाच्या खिशात एकटाच वाजणारा ओटीपी. चौथ्यांदा पाठवला तेव्हा अण्णांनी फोन उचलला. म्हणाले, ‘‘एक आहे का सात, कळत नाही रे. चष्मा खोलीवर राहिलाय.’’ उशिराचे दिवसाला ५० रुपये पडतात, व्याज निराळं. पण अण्णांची किंमत कळली, हे काय थोडं झालं?

एखादा नवा पोरगा म्हणेल, ‘‘अण्णा, मलाही शिकवा ना.’’ त्याला लगेच पोहे आणायला पिटाळावं, वर भुरभुरायचा जीरावण मसाला वेगळा बांधून आण म्हणावं. दोन-तीन खेपांत शिकायची हौस फिटते.

बॅकअप? घेतो ना! पेनड्राइव्ह त्याच कॉम्प्युटरखालच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याला टेकून ठेवलेला आहे. आग लागलीच तर दोघं बरोबर जातील, मागे कुणी रडायला नको.

या बाबतीत आपल्याच गावात एक फार वाईट पायंडा पडलेला आहे, त्यापासून सांभाळा. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचे चिरंजीव खंडेराव पडले. त्यानंतर मल्हाररावांनी, स्वतः धडधाकट असताना, वसुली, हिशेब, तोफांची तजवीज असली कामं सुनेच्या, अहिल्याबाईंच्या, अंगावर टाकायला सुरुवात केली. झालं काय? १७६६मध्ये मल्हारराव गेले, वर्षभरात नातू मालेरावही गेला आणि दौलतीचं काम अडलंच नाही! सरदार तुकोजी होळकरांकडे फौज देऊन अहिल्याबाईंनी १७९५पर्यंत कारभार हाकला. आता सांगा, आपल्या माघारी कुणाचंच काही अडू नये, यासारखी दुसरी नामुष्की आहे? राजवाड्यासमोर बाईंचा पुतळा आहे. आमचे साहेब जयंतीला न चुकता हार घालतात. हार अण्णाच आणतात, फुलवाला त्यांच्या ओळखीचा आहे.

आमच्याकडे लेखी योजना नाही असं मात्र समजू नका. २०२०च्या लॉकडाउननंतर साहेबांनी चांगली चाळीस पानांची करवून घेतली, स्पायरल बाइंडिंगसकट. कपाटात आहे. किल्ली कुठे असते ते वर आलंच आहे.

अण्णा येत्या ३१ मार्चला निवृत्त होताहेत. समारंभाची कमिटी नेमली, शाल-श्रीफळ ठरलं, कचोरी का समोसा यावर तीन बैठका झाल्या. वर्गणीतून त्यांना नवा मोबाइल द्यायचाय, नव्या सिमकार्डासकट. अण्णा फारच खूश आहेत. जुना नंबर आता बंदच करून टाकतो म्हणाले.